विंडोजवरून मॅककडे जाताना आधी काय आवरायचे?



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या निरोपांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला. टेंभुर्णीच्या एका भगिनींच्या मुलीला पुण्यात डिझाईनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. मुलगी म्हणते मॅक हवा, अब्बा म्हणतात घरातला संगणक काय वाईट आहे? कुर्डुवाडीच्या एका कुटुंबाला आखातातून सुट्टीवर आलेल्या मामूंनी आपला वापरलेला मॅकबुक देऊन टाकला. तो अजून कपाटातच आहे, कारण चालू केल्यावर ‘स्टार्ट’चे बटणच सापडत नाही. आणि माढ्यातल्या एका दुकानदार भाईंनी विचारले की विंडोज १० बंद झाले म्हणतात, मग आता एकदाचा मॅकच घेऊन टाकू का?

या तिघांची उत्तरे वेगवेगळी आहेत. मुलीच्या बाबतीत ‘घ्या, पण चौकशी करून’, मामूंच्या मॅकबुकच्या बाबतीत ‘कपाटातून काढा’ आणि दुकानदार भाईंच्या बाबतीत ‘थांबा’. का, ते क्रमाने पाहू.

आधी गरज, मग खरेदी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचा मोफत सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, ही गोष्ट खरी आहे. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडले असा नाही. संगणक चालतो, पण त्यात नव्याने सापडणाऱ्या भगदाडांना ठिगळ लावण्याचे काम थांबले. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने आणखी एक वर्षाची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव सोय ठेवली आहे. विंडोज ११ वर जायचे तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आपल्याकडे शाळा-कॉलेजांतून, दुकानांतून आणि घरांतून जे जुने संगणक आहेत, त्यांतले कितीतरी या अटीत बसत नाहीत. म्हणून हा प्रश्न आता घराघरांत आला आहे.

पण संगणक बदलणे म्हणजे मॅकच घेणे, असे नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम ४ चिपच्या मॅकबुक एअरची भारतातली किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू झाली. विद्यार्थ्यांना त्यात काही सवलत मिळते. तरी एवढी रक्कम म्हणजे आपल्याकडच्या अनेक घरांची डाळिंबाच्या एका तोड्याची किंवा उसाच्या एका हप्त्याची मिळकत. म्हणून पैसे बाहेर काढण्याआधी कागद-पेन घ्या आणि घरात संगणकावर कोण काय काम करते त्याची यादी लिहा. यादीतल्या प्रत्येक कामापुढे ते कोणत्या सॉफ्टवेअरने होते तेही लिहा. मग ही विभागणी करा.

पहिला गट ब्राउझरमधून होणाऱ्या कामांचा. ईमेल, बँक, शिष्यवृत्तीचे अर्ज, शिक्षकांची यू-डायसची माहिती, व्हिडिओ पाहणे, ऑनलाइन वर्ग. ही कामे मॅकवरही तशीच होतात.

दुसरा गट दोन्हीकडे मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट मॅकसाठीही आहेत. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर आहेत. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे. मोफत हवे असेल तर लिबरऑफिस आणि व्हीएलसी दोन्हीकडे चालतात.

तिसरा गट फक्त विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा. हिशेबाची टॅली, अभियांत्रिकीचे सॉलिडवर्क्स आणि उर्दूचे इनपेज मूळ विंडोजसाठी बनलेले आहेत. श्रीलिपी किंवा आयएसएम वापरून डीटीपी करणाऱ्यांचे बस्तानही बहुधा विंडोजवरच असते. बोटाचा ठसा घेणारी यंत्रे, डिजिटल सहीची टोकन, जुने लेझर प्रिंटर यांची मॅकवर चालणारी सोय आहे की नाही, हे त्या त्या वस्तूच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहावे लागते.

यादीतले तिसऱ्या गटातले एक जरी काम पोटापाण्याचे असेल, तर मॅक घेऊ नका. माढ्याच्या दुकानदार भाईंचे उत्तर इथे आहे. त्यांचा सगळा हिशेब टॅलीत आहे. त्यांनी विंडोज ११ चालेल असा साधा संगणक घ्यावा, पैसेही वाचतील. कोणी म्हणेल की मॅकच्या आत विंडोज बसवता येते. इंटेलच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्प नावाची सोय होती. नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ती नाही. त्यावर वेगळे सॉफ्टवेअर घेऊन विंडोज चालवावे लागते, त्याला मेमरी जास्त लागते आणि प्रत्येक जुने सॉफ्टवेअर त्यात चालेलच असे नाही. रोजच्या धंद्याचे काम असे उसन्या पायावर उभे करू नये.

मुलीच्या अब्बांना आमचे सांगणे असे की कॉलेजला फोन करा आणि नेमके विचारा: चारही वर्षांत कोणकोणते सॉफ्टवेअर लागणार? त्याची नावे लिहून घ्या. ‘मॅक असेल तर बरे’ आणि ‘मॅकशिवाय चालणार नाही’ यांत एका घराच्या वर्षभराच्या बचतीचा फरक असतो. मात्र उत्तर ‘लागेलच’ असे आले तर मुलीच्या बाबतीत हात आखडू नका. लग्नात एका दिवसाच्या मांडवावर जेवढा खर्च होतो, त्यात चार वर्षे शिकवणारे यंत्र येते.

वापरलेला मॅक घेताना किंवा भेट मिळाल्यावर

आपल्याकडे नव्यापेक्षा वापरलेले मॅकच जास्त येतात. कोणी आखातातून आणतो, कोणी पुण्याहून. अशा वेळी चार गोष्टी तपासा.

एक, आधीच्या मालकाचे खाते. मॅकमध्ये ‘फाइंड माय’ चालू असेल तर त्याला ॲक्टिव्हेशन लॉक लागते. आधीच्या मालकाने स्वतःचे ॲपल खाते बाहेर काढले नसेल तर सगळे पुसूनही यंत्र त्याचाच पासवर्ड मागते. म्हणून मामू परत विमानात बसण्याआधी त्यांच्याकडूनच खाते बाहेर काढून घ्या आणि ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ करून घ्या. अनोळखी माणसाकडून घेत असाल तर हे समोर करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. चालू करताना एखाद्या कंपनीच्या ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सूचना आली तर ते यंत्र कंपनीच्या ताब्यातले आहे असे समजा आणि व्यवहार सोडून द्या.

दोन, चिप. डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदाच्या चिन्हावर जाऊन ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. तिथे इंटेल लिहिले असेल तर विकत घेऊ नका. २०२५ मध्ये आलेली ‘टाहो’ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची मॅकओएस आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे. एम १ किंवा त्यापुढची चिप असेल तर हरकत नाही. भेट मिळालेला इंटेल मॅक मात्र फेकू नका. मुलांच्या लिखाणा-वाचनाला तो अजून चालेल.

तीन, मेमरी आणि साठवण. नव्या मॅकबुकमध्ये या दोन्ही गोष्टी नंतर वाढवता येत नाहीत. विंडोजच्या संगणकासारखे सोलापूरला नेऊन रॅम वाढवून आणू, हा विचार इथे चालत नाही. २०२४ च्या अखेरीस नव्या मॅकमध्ये किमान १६ जीबी मेमरी येऊ लागली, त्याआधीच्यांत ८ जीबीचे पुष्कळ आहेत. लिखाण-वाचनाला ८ पुरते, चित्र-व्हिडिओच्या कामाला १६ घ्यावी.

चार, बॅटरी आणि दुरुस्ती. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘पॉवर’खाली बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा दिसतो. बहुतेक मॅकबुकच्या बॅटरीची मर्यादा १००० फेऱ्यांची धरलेली असते. आकडा सातशे-आठशेच्या पुढे असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा. दुरुस्तीचाही विचार करा. ॲपलचे स्वतःचे दुकान मुंबईत बीकेसीला एप्रिल २०२३ मध्ये आणि पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. माढ्याहून पुण्याला जायचे म्हणजे दिवस मोडतो. पडदा फुटला, पाणी सांडले तर गल्लीतल्या मेकॅनिककडे इलाज नसतो, हे धरून चाला.

आखातातून आलेल्या चार्जरची भीती बाळगू नका. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. फक्त त्याची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसेल अशी बदलून घ्या. कळांवर अरबी अक्षरे असली तरी काही बिघडत नाही. आत कोणती भाषा उमटायची ते सेटिंगवर ठरते, कळेवर छापलेल्या अक्षरावर नाही.

जुना संगणक भंगारात देण्याआधी

हा भाग आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. यंत्र पुन्हा मिळते, त्यातले लिखाण पुन्हा मिळत नाही.

आपल्या समाजात मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिणारी घरे पुष्कळ आहेत, आणि दोन्ही भाषांचे जुने लिखाण संगणकात अडचणीच्या रूपात साठवलेले आहे. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी मराठीसाठी कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे फॉन्ट वापरले जात. त्या फाइलमध्ये खरे तर मराठी अक्षर नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा बुरखा घालतो. फॉन्ट काढून घेतला की खालची निरर्थक अक्षरे उघडी पडतात. अशी फाइल मॅकवर उघडली की माणूस म्हणतो, ‘मॅकने माझी फाइल बिघडवली.’ मॅकने काहीच केलेले नसते.

उर्दूची गोष्ट याहून अवघड. नस्तालीक लिपीत अक्षर शब्दातल्या जागेनुसार रूप बदलते आणि शब्द तिरका खाली उतरत जातो. म्हणून उर्दूची वर्तमानपत्रे कित्येक वर्षे कातिबांच्या हातांनी लिहूनच छापली जात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी नूरी नस्तालीक तयार झाली. हजारो जोड-आकार एकेक करून त्यात बसवावे लागले. पुढे १९९४ मध्ये आलेल्या इनपेजने ही लिपी साध्या संगणकावर आणली आणि भारत-पाकिस्तानातली बहुतेक उर्दू छपाई त्यावर गेली. इनपेजचे उपकार मोठे आहेत. पण त्याची जुनी फाइल बहुधा इनपेजशिवाय उघडत नाही, आणि इनपेज मूळ विंडोजसाठी बनलेले आहे.

आमच्या परिचयातल्या एका घरातली गोष्ट सांगतो. निवृत्त उर्दू शिक्षक होते. पंधरा-वीस वर्षे त्यांनी मजमून लिहिले, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, आसपासच्या गावांतल्या जुन्या माणसांकडून ऐकलेल्या हकिकती उतरवून ठेवल्या. सगळे इनपेजमध्ये. त्यांचा इंतकाल झाल्यावर दोन वर्षांनी नातीला मॅक आला आणि जुना डबा भंगारवाल्याला द्यायचा ठरला. मुलाने फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या, म्हणून तो निश्चिंत होता. मॅकवर त्यातली एकही फाइल उघडेना. सुदैवाने डबा अजून जिन्याखाली होता. आम्ही आणि त्यांच्या नातीने काही रविवार बसून एकेक फाइल उघडली, पीडीएफ केली, मजकूर युनिकोडमध्ये घेतला. बहुतेक सर्व हाती लागले. दोन फ्लॉपी मात्र वाचल्या गेल्या नाहीत. आणि ज्या मजकुरात रूपांतर करताना शब्द तुटले, तिथे नेमका शब्द कोणता हे विचारायला लिहिणारे हयात नव्हते. काही जागा आम्ही ठिपके देऊन मोकळ्या ठेवल्या. अंदाजाने भरल्या नाहीत.

म्हणून सांगणे असे की हे काम माणूस घरात असताना करा. अब्बांना, आजोबांना शेजारी बसवा. त्यांनाही बरे वाटेल आणि चुकाही सापडतील. कामाचा क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा, प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असतो, म्हणून ती मॅकवर, मोबाइलवर, कुठेही जशीच्या तशी दिसते. मजकूर बदलता आला नाही तरी वाचता तरी येतो. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

दुसऱ्यांदा, मजकूर युनिकोडमध्ये घ्या. मराठी फॉन्टांसाठी रूपांतर करणारी साधने मिळतात. कोणता फॉन्ट होता त्याचे नेमके नाव आधी पाहून ठेवा, कारण कृतिदेवचे साधन शिवाजीला चालत नाही. इनपेजच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडची सोय आहे. गावातल्या उर्दू डीटीपीवाल्याकडे ती असेल तर त्याला त्याच्या मेहनतीचे पैसे देऊन काम करून घ्या.

तिसऱ्यांदा, तपासा. मराठीत रफार, ‘दुसऱ्या’तला ऱ्य, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे इथे चुका होतात. उर्दूत ‘ये’, ‘काफ’ आणि ‘हे’ या अक्षरांकडे पाहा. अरबी आणि उर्दू यांच्यासाठी युनिकोडमध्ये या अक्षरांचे वेगवेगळे संकेतांक आहेत. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण अरबीचा संकेतांक पडला तर पुढे तोच शब्द शोधताना संगणकाला सापडत नाही.

हे सगळे होईपर्यंत जुना संगणक हलवू नका. त्यानंतरही महिनाभर तो घरात राहू द्या. आठवतील अशा गोष्टी महिन्याभरात आठवतात.

सामान हलवताना

फोटो, कागदपत्रे, गाणी-व्हिडिओ हलवण्यासाठी ॲपलचे ‘मायग्रेशन असिस्टंट’ विंडोजवरही बसवता येते. दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर ठेवली की ते सामान उचलून आणते. हे जमत नसेल तर बाहेरची हार्ड डिस्क वापरा. पण एक अडचण ओळखून ठेवा. विंडोजवर वापरलेली डिस्क बहुधा एनटीएफएस पद्धतीची असते. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर काही लिहीत नाही. त्यामुळे ‘डिस्क खराब झाली’ असे वाटते. दोन्हीकडे लिहिता-वाचता यावे म्हणून डिस्क किंवा पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा. फॉरमॅट केले की आतले सगळे पुसले जाते, म्हणून आधी ते दुसरीकडे ठेवा. बहुतेक नव्या मॅकबुकला जुन्या चौकोनी यूएसबीचे भोक नसते. काही शे रुपयांचा टाइप-सी जोड आधीच आणून ठेवा.

एक सावधगिरी फार गरजेची आहे. विंडोजमध्ये ‘फोटो’ नावाच्या फोल्डरवर दुसरा ‘फोटो’ नावाचा फोल्डर टाकला तर दोन्हींतले सामान एकत्र होते. मॅकमध्ये तसे करताना ‘रिप्लेस’ म्हटले तर आधीचा फोल्डर आतल्या सर्व सामानासह जातो आणि नवा त्याच्या जागी बसतो. आईच्या हजचे फोटो एका फोल्डरमध्ये, भावाच्या निकाहचे दुसऱ्यात, दोन्हींचे नाव ‘फोटो’, अशी स्थिती घरोघरी असते. म्हणून हलवण्याआधीच फोल्डरना वेगवेगळी नावे द्या आणि विचारणा आली की ‘कीप बोथ’ निवडा.

बोटांना नव्या सवयी

मॅक अवघड नाही, वेगळा आहे. बोटे जुन्या वाटेने जातात म्हणून पहिले दोन आठवडे चिडचिड होते. या गोष्टी कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा.

– विंडोजमध्ये जिथे कंट्रोल दाबायचा, तिथे मॅकमध्ये बहुतेक वेळा कमांड. कॉपीला कमांड-सी, पेस्टला कमांड-व्ही, सेव्हला कमांड-एस.

– ‘स्टार्ट’ बटण नाही. कमांड आणि स्पेस एकदम दाबा, शोधाची पट्टी येते. तिथे सॉफ्टवेअरचे किंवा फाइलचे नाव लिहा.

– फाइली ‘फाइंडर’मध्ये असतात. खालच्या पट्टीतला हसरा चेहरा म्हणजे फाइंडर.

– खिडकी बंद करण्याची बटणे डावीकडे आहेत. लाल बटणाने बहुधा खिडकीच बंद होते, सॉफ्टवेअर चालूच राहते. पूर्ण बंद करायला कमांड-क्यू.

– फाइलवर जाऊन रिटर्न दाबले तर ती उघडत नाही, तिचे नाव बदलायला येते. उघडायला कमांड-ओ.

– फाइल ‘कट’ करायची असेल तर आधी कमांड-सी आणि नव्या जागी कमांड-ऑप्शन-व्ही.

– डिलीटची कळ मागचे अक्षर खोडते. पुढचे खोडायला एफएन आणि डिलीट.

– उजव्या क्लिकसाठी ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी दाबा.

– पडद्याचा फोटो हवा तर कमांड-शिफ्ट-३, ठरावीक भागाचा हवा तर कमांड-शिफ्ट-४.

– काही अडकून पडले तर कमांड-ऑप्शन-एस्केप.

सॉफ्टवेअर बसवण्याची रीतही वेगळी. विंडोजची ईएक्सई फाइल मॅकवर चालत नाही. ॲप स्टोअरमधून घ्या, नाहीतर कंपनीच्या संकेतस्थळावरून डीएमजी फाइल उतरवून त्यातले चिन्ह ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये ओढून टाका. ‘ओळख पटत नाही’ असे मॅकने सांगितले तर घाईने परवानगी देऊ नका. मॅकला काही होत नाही हा समज चुकीचा आहे. फसवी लिंक आणि खोटे बँक-पान मॅकवरही तितकेच चालते.

एक युक्ती आम्ही सर्वांना सांगतो. मॅक यायला महिना असेल तर आजच विंडोजवर लिबरऑफिस किंवा जे मॅकवर वापरणार ते सॉफ्टवेअर वापरायला लागा. मग यंत्र बदलेल त्या दिवशी सगळेच अनोळखी वाटणार नाही.

मॅकवर मराठी आणि उर्दू

स्टीव्ह जॉब्स यांनी २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भाषणात सांगितले होते की रीड कॉलेजमध्ये शिकलेली सुलेखनाची कला दहा वर्षांनी पहिल्या मॅकच्या अक्षरांत उतरली. खुशखतीची कदर असलेल्या आपल्या लोकांना ही गोष्ट आवडावी.

सोय अशी आहे. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘कीबोर्ड’ आणि त्यात ‘इनपुट सोर्सेस’ उघडा. अधिकच्या चिन्हावरून देवनागरी आणि उर्दू जोडा. ‘देवनागरी’ नावाचा कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा आहे. ‘देवनागरी क्वर्टी’मध्ये इंग्रजी उच्चाराच्या जवळची कळ दाबायची असते. टायपिंगच्या परीक्षेसाठी रेमिंग्टन पद्धत शिकलेल्यांना ती मॅकमध्ये आयती मिळत नाही. त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावी. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात हात बसतो. भाषा बदलायला कंट्रोल-स्पेस किंवा पृथ्वीगोलाची कळ दाबा.

अक्षरांसाठी देवनागरीत कोहिनूर, तर उर्दूसाठी नोटो नस्तालीक हा फॉन्ट मॅकमध्ये आधीच असतो. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. नस्तालीकला दोन ओळींत जास्त जागा लागते, ती वाढवून घ्या. काही देवनागरी फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. पत्रिका किंवा मासिक छापायचे असेल तर फॉन्ट पाहून निवडा. विंडोजवरचे मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट मॅकवर नसले तर फाइलची मांडणी हलते. म्हणून शाळेला, छापखान्याला किंवा कचेरीत काही पाठवताना पीडीएफ पाठवणे सर्वांत निर्धोक.

घरातल्या सगळ्यांसाठी

मॅक एकाचा असला तरी घरात तो एकटाच असतो. म्हणून प्रत्येकाचे वेगळे खाते उघडा. अम्मीचे फोटो, मुलीचा अभ्यास, लहानग्यांचे खेळ आपापल्या जागी राहतील. लहान मुलांच्या खात्याला ‘स्क्रीन टाइम’ची मर्यादा घालता येते.

‘टाइम मशीन’ ही सोय पहिल्याच आठवड्यात सुरू करा. एक बाहेरची डिस्क लावली की ती सर्व सामानाची दुसरी प्रत ठेवत जाते. मात्र ही डिस्क लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवू नका. पिशवी हरवली तर दोन्ही जातील. ‘फाइलव्हॉल्ट’ चालू असेल तर डिस्कवर पक्के कुलूप लागते. पासवर्ड आणि त्याची रिकव्हरी की दोन्ही हरवली तर दुकानदारही काही करू शकत नाही. या दोन्ही गोष्टी वहीत लिहून घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती वही कुठे आहे ते सांगून ठेवा. ही माणसे घरातल्या बायकाही असाव्यात. ‘पासवर्ड त्यांनाच माहीत होता’ हे वाक्य ऐकण्याची वेळ कोणत्याही घरावर येऊ नये.

या महिन्यात एवढेच करा: मॅक घ्यायचा असो वा नसो, घरातल्या जुन्या संगणकावर बसा आणि मराठी-उर्दूच्या दहा महत्त्वाच्या फाइली निवडून त्यांची पीडीएफ करा. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक बहिणीच्या किंवा भावाच्या घरी. इनपेजच्या फाइली असतील तर पेनड्राइव्हवर फॉन्टचे आणि आवृत्तीचे नाव लिहायला विसरू नका.

पुढच्या महिन्यात विंडोज ११ ला न चालणाऱ्या जुन्या संगणकावर मोफत लिनक्स कसे बसवायचे आणि त्याचा मुलांच्या अभ्यासाला कसा उपयोग करायचा, ते पाहू. तोवर आपले प्रश्न पाठवत राहा. संगणकाचे मॉडेल आणि त्यावर होणाऱ्या कामांची यादी सोबत लिहिलीत, तर उत्तर देणे आम्हाला सोपे जाईल.